आजाराच्या यादीतलं नाव

चिंधी हिलम, वय चाळीस, बेडक्यात क्षयाचे जंतू आढळले. त्याच्याच खाली दुसरी ओळ होती: चिंधी हिलम, वय चाळीस, जंतू आढळले नाहीत.

भाग्यश्रीने दोन्ही ओळी तीनदा वाचल्या आणि खालापूरला फोन लावला. फिझा तिथे तपासणीच्या कामावर होती. भाग्यश्री आशा सेविका झाली तेव्हाच्या प्रशिक्षणात दोघींची ओळख झाली आणि एका डब्यातलं सुकटीचं कालवण खाता खाता मैत्रीत बदलली.

"फिझा, ही एकच बाई आहे की दोन?"

"मी तुलाच विचारणार होते," फिझा म्हणाली. "चौदा नंबरची डबी स्वच्छ आहे, एकोणीस नंबरच्या डबीत जंतू आहेत. दोन्ही चिंधीच्या. शिवाय दोन कमळ्या हिलम आहेत. ते दोघे ठणठणीत, पण तेही चाळीसच वर्षांचे. आणि चौघांचा फोन नंबर एकच, तुझा. काय गं, तुमच्या माहेरी चाळिशीच्या पुढे कोणाचं वय जात नाही का?"

एरवी भाग्यश्री हसली असती. पण तिच्या माहेरी चिंधी नावाचं कोणीच नव्हतं. होती, ती सव्वाशे वर्षांपूर्वी. फोन ठेवून ती तशीच चार घरं ओलांडून माहेरच्या अंगणाकडे निघाली.

खैरवाडीच्या हिलमांच्या घरात एक नियम होता. रेशनच्या यादीत खरं नाव द्यायचं, मतदानाच्या यादीत द्यायचं, शाळेतही द्यायचं. आजाराच्या यादीत मात्र द्यायचं नाही. तिथे द्यायचं मेलेल्या माणसाचं. बायांनी चिंधी सांगायचं, पुरुषांनी आजाच्या बापाचं, कमळ्या, वय सगळ्यांनी चाळीस, आणि कोणी काय सांगितलं ते घरातसुद्धा बोलायचं नाही. प्लेगाच्या साली गोरा साहेब शिपाई घेऊन आला, त्याने नावं लिहून घेतली, चिंधीने भोळेपणाने आपलं खरं नाव सांगितलं आणि तिला उचलून रुळाकडेच्या छावणीत नेलं. ती परत आली नाही. मेलेल्याला कोणी उचलून नेत नाही, हा त्यातला हिशोब. घरातल्या पोरांना ही गोष्ट दात येण्याआधी कळायची.

आशाचं काम घेतल्यापासून दोन वर्षांत भाग्यश्रीने सगळ्या वाडीची खरी नावं आपल्या वहीत उतरवली होती. या कामाचा तिला थोडा ताठाही होता. पण तपासणीची गाडी तीन महिन्यांतून एकदा यायची आणि नेमकी आली त्या दिवशी भाग्यश्री खालापूरला मीटिंगमध्ये बसून बिस्किटं खात होती. गाडीवाल्यांनी जे सांगितलं ते लिहून घेतलं. त्यांच्यापुढे वीसेक माणसांची रांग होती आणि रस्ता संपल्यानंतर पाऊण तास चालून आलेले ते बिचारे दमले होते.

अंगणात निम्मं घर बांधून ठेवलेलं होतं. पातेली गोणीत गेली होती, दोन कोंबड्या पाटीखाली कोंडल्या होत्या आणि गजाकाका गोधड्यांवर गुडघा ठेवून दोरी आवळत होता. उद्या सकाळी रस्ता संपतो तिथल्या वडाखाली टेंपो येणार आणि सगळे पनवेलच्या पलीकडे वीटभट्टीवर जाणार ते थेट पावसाच्या तोंडावर परतणार. गजा विटा थापायचा, भावजय जना, म्हणजे भाग्यश्रीची आई, आणि बहीण चंद्राबाई चिखल वाहायच्या. भट्टीवर माणसं अशी त्रिकुटाने धरलेली असतात. त्रिकूट मोडलं की शेठ दुसरं आणतो. गेल्या साली वरच्या आळीतली एक सून असाच खोकला घेऊन भट्टीवर गेली होती आणि होळीला झोळीतून परत आली होती. तिची खोली अजून बंद होती.

"काका, जरा हात थांबवा," भाग्यश्री म्हणाली. "गाडीवाल्यांच्या तपासणीचा निकाल आलाय. आपल्या घरात एकीला टीबी आहे. चिंधीच्या नावाने आलाय."

भिंतीला टेकून दोर वळणारा म्हातारा धाऊ, भाग्यश्रीचा आजा, वर न बघता थांबला. वळलेला दोर त्याच्या बोटांतून सुटून उलगडत गेला.

"आये, नाहीतर आत्या," भाग्यश्री पुढे म्हणाली. "घरात दोघीच आहात. कोण गेलं होतं गाडीवाल्यांपाशी?"

"मी नाय गेले," जना म्हणाली.

"मी बी नाय," चंद्राबाई म्हणाली.

"मग डबीत थुंकलं कोण, ही कोंबडी?" गजाने पाटीवर थाप मारली. 

जनाने कमरेचा पदर सोडून पुन्हा खोचला. हे घर तिच्या शब्दावर चालायचं. कोणी भट्टीवर जायचं, कोणी शेळ्यांमागे राहायचं, हे ती ठरवायची आणि पुरुष मान हलवायचे. "आता बोलायलाच पायजे का?" ती म्हणाली. "खोकतं कोण ते सगळ्या वाडीला ठावं हाय. वन्संनी वीस वर्सं बिडी वढली. त्यांना मागं ठेवा अन् आपण जाऊ. माझी भाची येईल तिसरी म्हणून."

"बिडीचा खोकला येगळा असतो," चंद्राबाई म्हणाली.

"डाक्तर झालात का तुमी?"

जनाचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर होता. भाग्यश्रीने ते ऐकलं, पण लेकीच्या कानाने ऐकलं आणि सोडून दिलं.

"कोणीच जायचं नाही," ती म्हणाली. "दोघींच्या नव्या डब्या आज घेते, उद्या खालापूरला पोचवते. तीन दिवस थांबा."

"तीन दिवस?" गजा उठून उभा राहिला. "शेठ तीन तास थांबत नाय. तुझं बरं हाय गं, तुझी वही हाय. आमच्याकडं काय हाय? आमचे जुने लोक खैराचा कात पाडायचे. या वाडीचं नावच खैरवाडी. साहेबानं जंगलाला शिपाई लावला अन् खैराला हात लावला तर तुरुंग. तवापासनं आमी दुसऱ्याच्या मातीत हाय. आता खैर बी नाय अन् साहेब बी नाय, पर भट्टी हाय. तिला नको म्हणू?"

काका खरं बोलत होता. वाडीपासून वर बघितलं की माथेरान दिसायचं. साहेबाला तिथली थंड हवा मानवली म्हणून तिकडे रस्ता गेला, गाडी गेली, औषधपाणी गेलं. खाली रुळाच्या बाजूने स्टेशनं झाली, बाजार झाले, डॉक्टर बसले. वाडी दोन्हींच्या मधे पडली. साहेब जाऊन पाऊणशे वर्षं होऊन गेली तरी रस्त्यांनी आपली सवय बदलली नव्हती. भाग्यश्रीला कधी कधी या सगळ्याचा इतका संताप यायचा की ती वही मिटून नुसती बसायची.

तेवढ्यात पायवाटेवरून तिचा बाप पोपट खाली आला. तो माथेरानला हॉटेलांचं सामान डोक्यावरून वाहायचा आणि भट्टीवर जाणाऱ्यांना निरोप द्यायला दरवर्षी एक दिवस खाली उतरायचा. बोलायचा कमी. त्याने सगळं ऐकून घेतलं, एकदा बायकोकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे, आणि पायरीवर बसून तो चपलेतला खडा काढत राहिला.

"तू बोल की रं दादा," गजा म्हणाला.

"काय बोलू? एक बायको, एक भन."

मग चंद्राबाईच बोलली. "मी घेतलं चिंधीचं नाव. ती मीच. मी ऱ्हाते आबाजवळ, तुमी जा." तिने बांधलेल्या गोणीतून आपली थाळी आणि लुगडं बाहेर काढलं आणि भिंतीशी ठेवलं.

अंगणात सगळ्यांना हायसं वाटलं. आणि हायसं वाटलं म्हणून सगळ्यांनी खाली पाहिलं. गजाने पुन्हा दोरी हातात घेतली. जना पाटीखालच्या कोंबड्यांकडे बघत राहिली.

भाग्यश्रीने वही उघडली, पेन काढलं. नाव लिहिणार तोच तिने सहज विचारलं, "आत्या, रांगेत कितवी होतीस?"

"व्हते कुठंतरी."

"पुढे होतीस की मागे?"

"आठवत नाय."

वीस वर्षांपूर्वी मेलेल्या शेळीच्या कानावर कोणत्या बाजूला ठिपका होता ते या आत्याला आठवायचं. तीन आठवड्यांपूर्वीची रांग आठवत नव्हती. भाग्यश्रीने पेन बंद केलं.

"आजा," ती धाऊकडे वळली, "गोळ्या सहा महिने घ्यायच्या आहेत. रोज. चुकीच्या पोटात गेल्या तर एक उगाच घेत बसेल आणि दुसरी भट्टीवर मरेल. मला डबीचा नंबर ठावं हाय, माणूस ठावं नाय. माझ्या हातात औषध येणार हाय आणि ते कुणाला द्यायचं ते या घरात कोणी सांगत नाय." ती चिडली की तिच्या तोंडातली शाळा निघून जायची आणि वाडी बोलायची. "नियम तुमचा हाय. तुमीच सांगा काय करू."

धाऊने उलगडलेला दोर गोळा करून मांडीवर घेतला. ऐंशी पार केलेल्या या माणसाने आयुष्यात सगळ्यांना एकच गोष्ट हजारदा सांगितली होती, आणि त्याला आता ती सुरुवातीपासून सांगायची नव्हती, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुमाला सांगितलं ते अर्धं हाय," तो म्हणाला.

"कशातलं अर्धं?" पोपटने विचारलं.

"चिंधीचं. वाडी तवा खाली व्हती, रुळाच्या अंगाला. माझी आजी नवी नवरी. चिंधी तिची नणंद. प्लेगाचं साल. आजीला ताप भरला, बगलेत गाठ आली. शिपाई दारात आले, साहेब मागं घोड्यावर. म्हणले, आत आजारी कोण हाय, नाव सांग. आजी आतनं बोलली, चिंधी."

"नणंदेचं नाव दिलं?" जना म्हणाली.

"दिलं. तिला वाटलं, शिपाई चिंधीला शोधत बसतील तवर आपल्याला डोंगर चढता येईल. शिपायानं लिवून घेतलं अन् डोली आणायला गेला. आजानं आजीला पाठीवर घेतलं अन् वर जंगलात नेलं. चिंधी पाण्याला गेली व्हती. तिला कोण सांगणार? ती घागर घेऊन आली अन् शिपाई डोली घेऊन आले. त्यांनी विचारलं, चिंधी कोण? ती म्हणली, मी."

धाऊने दोराला एक पीळ दिला. कोंबडी पाटीखाली एकदा फडफडली.

"धडधाकट बाई. डोक्यावर भरलेली घागर. ताप असलेली बाई घागर आणंल का? पर यादीत नाव व्हतं, नावाचं माणूस मिळालं, साहेबाचं काम झालं. तिची नाडी कोणी बघितली नाय."

"साहेब डॉक्टर नव्हता का?" भाग्यश्रीने विचारलं.

"असंल गं. पर डाक्तर येतो तवा बंदूक घेऊन येतो असंच आमी पयल्यांदा बघितलं. मग कोण खरं बोलंल त्याच्याशी? चिंधीला छावणीत आजाऱ्यांत निजवली. पंधरा दिसांत गेली. आजीची गाठ फुटली अन् आजी जगली. नऊ पोरं झाली तिला." त्याने दोराची गाठ चाचपली. "मरताना तिनं मला सांगितलं. मी बारा-तेरा वर्सांचा व्हतो. नियम तिनंच घातलेला. सगळ्यांना वाटायचं भ्यानं घातला. भ्या व्हतंच. पर ती म्हणायची, कोणीतरी चिंधीचं नाव घेत ऱ्हाईल तर ती कुठंतरी जित्ती हाय असं वाटंल. मी पण तसंच चालवलं. मला काय ठावं, ती अजून लोकांच्या जागी जातीया."

 भाग्यश्रीला राग यायला हवा होता, पण तिला त्या तापलेल्या नव्या नवरीची कीव आली आणि घागर घेऊन येणाऱ्या चिंधीची आठवण आल्यासारखं झालं, जिला तिने कधी पाहिलं नव्हतं.

आणि मग जना खाली बसली. 

"वन्संचं लुगडं गोणीत घाला परत," ती म्हणाली. "मी हाय ती."

"आये?"

"मी शेवटाला उभी व्हते. सगळ्यांना फुडं जाऊ दिलं. सकाळी थुंकीत लाल दिसलं व्हतं. महिनाभर दिसतंय." तिने भाग्यश्रीकडे पाहिलं नाही. "मी नाय गेले तर भट्टी कोण बघंल, घर कोण बघंल? म्हणून वन्संवर ढकललं. त्या आजीवानी. अगदी तसंच केलं मी."

एकोणीस नंबर हा रांगेतला शेवटचा होता. भाग्यश्रीला ते माहीत होतं, तिने फिझाला सकाळीच विचारलं होतं. ती आईशेजारी बसली. आई महिनाभर रक्त थुंकत होती आणि चार घरांवर राहणारी आशाताई सगळ्या वाडीचा खोकला मोजत फिरत होती. तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

"रडू नगंस," चंद्राबाई म्हणाली, ती कोणाला म्हणाली ते कळलं नाही. "मला ठावं व्हतं."

जनाने मान वर केली. "काय ठावं व्हतं?"

"तू चुलीच्या राखंत थुंकतीस अन् वर राख लोटतीस. राख मी काढते गं, जने. रांगेत बी मागनं तू चिंधी सांगितलंस ते ऐकलं मी. कान शाबूत हायत माझे."

"मग गप का बसलात?"

"म्हटलं, गोळ्या माझ्या नावानं घ्यायच्या अन् दर बाजाराला गजाच्या हातनं तुला भट्टीवर पोचवायच्या. औषध बी झालं असतं, काम बी झालं असतं, अन् तुझं नाव बी कुठं आलं नसतं."

भाग्यश्रीने डोळे पुसता पुसता कपाळावर हात मारला. असा बेत या घरातच शिजू शकत होता. आठवड्याच्या बाजाराला एकदा पाठवलेल्या गोळ्या, आठ माणसांच्या खोपटात, भट्टीच्या धुरात. आत्याने केवढ्या मायेने आईला मारायचं ठरवलं होतं. पण तिला हेही कळलं की इतकी वर्षं भांडणाऱ्या या दोघींत एवढी माया आहे हे आजवर कोणी लिहून घेतलं नव्हतं.

"तशा गोळ्या चालत नाहीत, आत्या," ती म्हणाली. "रोज, आणि मी देणार, माझ्यासमोर. सहा महिने. आई पूर्ण बरी होते त्याने. पूर्ण. मी खालच्या वाडीतल्या तिघांना बरं झालेलं बघितलंय."

"म्हणजे पावसापर्यंत हिथंच," जना म्हणाली. "अन् भट्टी?"

पोपटने चपला पायात घातल्या आणि तो उठला. "मी जातो गजाबर."

"तू? अन् माथेरान?" गजाने विचारलं.

"एक साल मी सामान नाय वाहिलं तर डोंगर काय खाली येत नाय." पोपटच्या मानाने हे मोठं भाषण होतं. "चिखल वाहायचा ना? डोक्यानं वाहतो त्ये हातानं वाहीन. जनेची भाची येईल तिसरी. चंद्री हिच्याजवळ ऱ्हाऊ दे."

गजाने दोरीचा फास एकदा सोडला, एकदा आवळला. "दादा चिखल मळणार," तो म्हणाला, "म्हंजे यंदा विटा वाकड्या निघणार." पण त्याने गोणीतून जनाची थाळी काढली आणि चंद्राबाईच्या थाळीशेजारी ठेवली. मग जरा थांबून तो पुतणीला म्हणाला, "त्या कमळ्यातला एक मी व्हतो. चुना लावलेल्या हौदामागं भट्टी हाय म्हणून लिव. तिथं कोणी आशाबाई असंल तर माझं खरं नाव सांग तिला. गजानन."

"गजानन?" भाग्यश्रीला हे नवीन होतं.

"शाळंत व्हतं तीन दिस."

"दुसरा कमळ्या मी," धाऊ म्हणाला. "आदी माझं लिव. धाऊ कमळ्या हिलम. वय चाळीस नको लिवूस."

भाग्यश्रीने कोरं पान उघडलं. धाऊ कमळ्या हिलम. गजानन धाऊ हिलम. चंद्राबाई. मग तिने पेन थांबवलं आणि आईकडे पाहिलं. नाव तिला पाठ होतं, जन्मल्यापासून पाठ होतं, तरी तिने विचारलं, कारण या पानावर ते सांगितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

"नाव?"

जनाने एकदा सासऱ्याकडे पाहिलं. मग पदर नीट केला आणि कोणीतरी दूर उभं असावं तसं मोठ्याने म्हणाली, "जना पोपट हिलम. वय त्रेपन्न. थुंकीत लाल दिसतं."

भाग्यश्रीने खालापूरला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावा म्हणून आवाज मोठा केला. चौदा नंबर चंद्राबाई, एकोणीस नंबर जना. फिझाने पलीकडे भराभर लिहून घेतलं. "उद्या सकाळच्या एसटीने काकूंना घेऊन ये," ती म्हणाली. "उद्याच औषध सुरू होईल. जंतू कोणत्या जातीचे आहेत तेही लगेच बघून घेते. घरातल्या बाकी सगळ्यांच्या डब्या आण, भट्टीवर जाणाऱ्यांच्या आधी घे. आणि या खेपेला एका माणसाला एकच नाव, एवढं कर माझ्यासाठी." मग तिला काहीतरी आठवलं. "अगं, पण या चिंधीचं काय करू? दोन जागी नाव आहे तिचं."

भाग्यश्रीने धाऊकडे पाहिलं. म्हाताऱ्याने आजवर फोनला हात लावलेला नव्हता. तो भिंतीला धरून उठला, अंगण ओलांडून आला आणि फोनपाशी वाकला.

"पोरी," तो म्हणाला, "तिला घरी सोड आता. तिला काय बी झालेलं नव्हतं."